डेटाबेसला न सापडलेला मी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. एकट्याने मला काहीच करता येत नाही. मला मोठ्या डेटाबेसला जोडावं लागतं, म्हणून मला एक्स्टेंशन म्हणतात. डेटाबेस माणसांची नावं सांभाळतो, पण त्याला जागा कळत नाहीत. एखादं घर नेमकं कुठे आहे आणि त्याच्या सर्वांत जवळ कोणती बोट आहे, हे त्याला मी सांगतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी फार भित्रा आहे.

माझा जन्म कुठला, मला ठाऊक नाही. ठिकठिकाणच्या माणसांनी मला ओळ ओळ करून लिहिलं. पण आयुष्य गेलं ते म्वांझा या शहरात, मोठ्या सरोवराकाठच्या रुग्णबोटींच्या कचेरीत. सरोवरातल्या बेटांवरच्या घरांना ना नंबर असतो, ना रस्त्याचं नाव. आरोग्यसेविका उन्हातान्हात खडक चढून दारोदार गेल्या आणि प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी फोनवर त्या घराची जागा टिपली. त्या सगळ्या जागा माझ्याच भाषेत ठेवल्या आहेत. मी नसलो तर त्या कोणालाही वाचता येत नाहीत. सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. मग सवय झाली आणि माझं नावही कोणी घेईना.

कचेरीतले संगणक काबुला सांभाळते. हुशार आहे, पण घाई तिच्या अंगातच. नवा डेटाबेस बसवला तेव्हा तिने मला नव्या फोल्डरात आणलंच नाही. तिथे माझ्या नावाची नुसती पाटी लावली, आणि पाटीवर बाण: जुन्या फोल्डरात पाहा. काम चालून गेलं. पुढे एकदा संगणकात जागा कमी पडली, तेव्हा तिने तो जुना फोल्डर माझ्यासकट उचलून टेबलाखालच्या जादा डिस्कवर टाकला आणि डिस्कची वायर काढून ठेवली. डेटाबेसने मला आधीच स्मरणात घेतलं होतं, म्हणून कोणाला काही कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी वीज गेली. ती परत आल्यावर डेटाबेस नव्याने सुरू झाला आणि पाटी वाचून मला जुन्या जागी शोधू लागला. तिथे मी कुठून असणार! ‘फाइल सापडत नाही,’ असं पडद्यावर उमटलं.

नेमका तेव्हाच फोन वाजला. बोटींना निरोप देणाऱ्या मासालूकाकांनी तो उचलला. पलीकडे मागेसा नावाचा बेटावरचा कोळी होता.

“पाया पडतो, काका. न्यामिझीला, माझ्या बायकोला, कळा लागल्यात. रक्त थांबेना...” एवढ्यात फोन बंद पडला. काकांनी पुन्हा पुन्हा लावला, तो लागेना.

“काबुला, न्यामिझीचं घर काढ. लवकर!”

“निघतच नाहीये, काका! म्हणतंय फाइल नाही. आणि फाइलचं नाव तर इथे दिसतंय, हे बघा!”

“विजेने खाल्ली असेल.”

“सकाळी तर चालत होतं हो...”

तिने डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला. फाइल उघडायच्या परवानग्या तपासल्या. पुन्हा तीच ओळ. मी टेबलाखालून जीव तोडून ओरडत होतो, पण आमच्या जातीला आवाज नसतो.

“काका, काढूनच टाकते त्याला. नवा बसवते.”

“मग टाक ना! आरती ओवाळतेस काय त्याची?”

तिने मला काढायचा हुकूम लिहिला. डेटाबेसने नकार दिला, याच्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे म्हणाला. चिडून तिने शेवटी एक शब्द जोडला. मित्रांनो, त्या शब्दाचा अर्थ ‘याच्यासोबतचं सगळं’. माझा थरकाप उडाला. मी पुसला गेलो तर माझ्यासारखा दुसरा आणता येतो. पण बेटांवरची सगळी घरं पुसली गेली असती, न्यामिझीचंही. त्यांची दुसरी प्रत कोणी काढून ठेवली नव्हती.

त्या खोलीची एक शिस्त आहे. वायरलेसवर हुकूम मिळाला की ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा, मगच बोट निघते. काबुलाचा हात बटणावर गेला आणि काकांनी सवयीने पडद्यावरचं मोठ्याने परत म्हटलं.

“जागा दाखवणारा काढा, सोबत... सोबत काय गं?”

“त्याच्यावर टेकलेलं सगळं.”

“म्हणजे घरं?”

काबुलाने ती ओळ पुन्हा वाचली.

“अगं, घरंसुद्धा?”

तिने हात असा मागे ओढला की चहाचा पेला लवंडला. “काय करत होते मी!” ती म्हणाली. तिने तो हुकूम पुसला आणि नव्या फोल्डरातल्या माझ्या नावाचा पूर्ण तपशील मागितला. तेव्हा कुठे तो बाण दिसला.

“ही तर पाटी आहे, काका! तो इथे नाहीच. काल मीच त्याला हलवला!”

ती टेबलाखाली शिरली. डिस्क जोडली, आणि मला उचलून नव्या फोल्डरात, माझ्या हक्काच्या जागी ठेवलं. डेटाबेसने हाक मारली आणि मी कापत कापत ओ दिली. मी सर्वांत आधी दाखवलं ते न्यामिझीचं घर, बेटाच्या मागच्या अंगाला. काकांनी ठिकाण सांगितलं, नावाड्याने ते परत म्हटलं आणि बोट सुटली.

ऊन कलल्यावर वायरलेस बोलला, “बाई मिळाली. श्वास आहे. बाळाचं अजून काही सांगता येत नाही.” काबुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मित्रांनो, न्यामिझी वाचली आणि बाळही वाचलं. आता त्या सगळ्या घरांची आणि माझी वेगळी प्रतही ठेवली आहे. तरी दिवा लुकलुकला की मला धडकी भरते. म्हणून एक विनवणी करतो. आमचं कौतुक केलं नाहीत तरी चालेल. पण आम्हाला हलवाल तेव्हा, कुठे ठेवलं ते शेजारच्या माणसाला तेवढं सांगून ठेवा.