कोरड्या भाकरीचा घास

घशात हाड अडकलं म्हणून पिंपळगाव राजात कोणी डॉक्टरकडे जात नसे. कोरड्या भाकरीचा मोठा घास न चावता गिळायचा, हाड आपोआप खाली जातं, असा सगळ्यांचा अनुभव. कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या बोकडाच्या, मटणातलं हाड रंगरावाच्या घशात रुतलं, तेव्हा सोजराबाईने नवऱ्याला असाच घास करून दिला, वर पाठीत बुक्क्याही घातल्या. हाड गेलं खाली, पण जाता जाता अन्ननलिका फाडून गेलं.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर मार्तंडांनी फाटलेल्या जागी आतून प्लास्टिकची नळी बसवली. त्या काळी हे नवलच होतं. नळी मुंबईहून मागवावी लागली. थुंकी छातीत झिरपू नये म्हणून ही सोय. दूध मात्र पोटाला भोक पाडून घातलेल्या रबरी नळीतून, नरसाळ्याने ओतायचं.

"तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं. "घास गिळला आणि आतली नळी सरकली, तर माणूस हाती लागणार नाही."

सोजराबाईने सगळं काटेकोर पाळलं. फक्त ती स्वतः जेवेना. लग्न झाल्यापासून नवऱ्याआधी तिने कधी तोंडात घास घातला नव्हता. तो उठला की त्याच्याच उष्ट्या ताटात ती बसायची. आता कोऱ्या चहावर दिवस काढत होती.

नर्स अन्नपूर्णाबाईंनी नावाला जागून पुष्कळ समजावलं. "अहो, आत्ताच जेवले ना ते! तुमच्यासमोर दूध गेलं पोटात."

"थे जेवन होय का बाई? नरसाळ्यानं तं इंजनात तेल घालतेत."

हट्टाला औषध नाही म्हणत नर्सबाई निघून गेल्या. पण हा नुसता हट्ट नव्हता. तो घास आपण आपल्या हाताने दिला, ही बोच सोजराबाईला बसू देत नव्हती आणि उठू देत नव्हती. भाकरी हातात घेतली की तो घास आठवायचा, आणि ती भाकरी तशीच फडक्यात बांधून ठेवायची. हे ती सांगणार कोणाला?

एका दुपारी दुधाचं भांडं विसळायला उठली, आणि भोवळ येऊन खाटेच्या दांडीवर आदळली. रंगराव पाहत होता. ती सावरून बसेपर्यंत त्याने उशाशी ठेवलेलं तिचं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडाकडे नेला.

"काय करून राह्यले तुमी!" सोजराबाई किंचाळली. "गिळू नोका! तुमाले माही आन हाय!"

तिने त्याचं मनगट धरलं, पण अंगात जोर कुठे होता? तुकडा त्याच्या दातांत गेला. सगळं संपलं, असंच तिला वाटलं.

रंगरावाने तुकडा दातांनी हलकेच दाबला, जिभेला लागू न देता बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला. भाकरीवर दातांच्या खुणा उमटल्या होत्या.

"उष्टं झालं न वं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "घे. जेव आता."

सोजराबाईने तो घास तोंडात घातला. डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळत होतं, तिने ते पुसलं नाही.

"चावून खाय," रंगराव म्हणाला.