दशमातले रवी-शनी

डूख धरणं वाईट, असं माही माय म्हणते. म्हणू दे. मी दीड वर्ष डूख धरला, अन् त्यातला एकही दिवस मले जड गेला नाई.

मी आचल. घर आमचं नांदगाव खंडेश्वरचं. तलाठ्याच्या भरतीत माहं नाव लागलं, आमच्याकडं त्याले पटवारी म्हणतात, तवा माह्या बापानं, वामनरावनं, गावभर पेढे वाटले. पहिला पुडा मात्र मले संगं घेऊन अकोल्याले पोचवला, जुन्या शहरात, बापूसाहेब ज्योतिष्याकडं. त्याच्या शब्दाबिगर आमच्या घरी बोअर बी खोदत नसत. ओळख जुनी. अमरावतीच्या दवाखान्यात माही माय मनकर्णा अन् बापूसाहेबाची बायको रमाबाई शेजारच्या खाटांवर होत्या. मृग लागायच्या आधी, एकाच दुपारी, मी झाली अन् घटकाभरानं त्याईची मैथिली झाली.

बापूसाहेबानं पेढा खाल्ला, बापाची पाठ थोपटली. बाप चपला घालायले बाहेर गेला तसं मले एकटीले थांबवलं.

"तुझं सिंह लग्न," तो हळूच म्हणाला. "दशमात, म्हणजे नोकरीच्या घरात, रवी आणि शनी एकत्र. रवी म्हणजे बाप. तू सरकारी खुर्चीवर बसलीस की शनी त्याला गिळणार. वामनरावांना सांगू नकोस. ते तुझ्यासाठी जीव द्यायला तयार होतील."

हे एवढं मात्र खरं होतं. तो झालाच असता तयार. म्हणून मी त्याले काईच सांगतलं नाई. रुजू व्हायच्या दिवशी मावशीकडं जाऊन बसली, अन् मुदत गेली तवाच घरी आली. बापानं बोलणं टाकलं. पोरीले मस्ती चढली, असं तो गावात सांगत फिरे. मी ऐकून घेतलं. मनात म्हणे, नको बोलू माह्याशी, पण जित्ता राय.

पोळ्याच्या आधी तो गेला. अंगणात दाढी करता करता छातीत कळ आली अन् आडवा झाला. नौकरी गेली, बाप बी गेला, अन् जाताना तो माह्यावर रागातच गेला. ते मले अजून गिळता येत नाई.

तेरवीले रमाबाई आल्या. भोळी बाई. मायजवळ बसून सांगू लागल्या, मैथिली पटवारी झाली, चिखलदऱ्याकडं नेमणूक भेटली. प्रतीक्षा यादीत ती पहिली होती. वरची कोणी एक मुलगी आलीच नाही, म्हणून तिचा नंबर लागला. माय नुसती मान हलवून राहिली होती. माह्या हातातला पाण्याचा गडू हातातच राहिला. वरची कोणी एक मुलगी म्हणजे मीच की. अन् जे रवी-शनी माह्या दशमात, तेच तिच्या दशमात. गाव एक, दुपार एक. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

बापूसाहेबाच्या घरी जाऊन तमाशा करता आला असता. पण दारात रडणाऱ्या पोरीले कोण विचारते? दोन मिनिटं रडवून वाटेले लावली असती त्यानं. मले तो त्याच्या लोकाईसमोर पायजे होता, त्याच्याच तोंडून.

औंदा अमरावतीत त्याच्या चेल्याईनं त्याचा सत्कार ठेवला. व्याख्यानाचा विषयच होता, ग्रहांची युती अन् नोकरी. सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत रमाबाई, बाजूले सुट्टी काढून आलेली मैथिली. मी मायले घेऊन मधात बसली. उन्हाचा स्कार्फ तोंडाले तसाच ठेवला. प्रश्न विचारा म्हटल्याबरोबर उठली, माईक हातात घेतला. नाव सांगतलं नाई. एवढंच विचारलं की पोरगी हाये, सिंह लग्न, दशमात रवी-शनी, सरकारी नौकरी लागली, तर करू द्यावी का?

गडी फुलला. ही युती पित्याच्या मुळावर येते म्हणाला, अशा मुलीनं खुर्चीवर बसणं म्हणजे बापाच्या छातीवर बसणं, असं सांगून मी कित्येक घरं वाचवली. टाळ्या पडल्या.

मग मी स्कार्फ सोडला. माहं नाव सांगतलं, बापाचं सांगतलं. मले नौकरी सोडायले लावली, मी सोडली, तरी बाप मेला. अन् माह्या जागेवर जी बसली ती माह्यासंगं एकाच दुपारी जन्मली. खरं का खोटं, ते मी रमाबाईलेच विचारलं. बिचारीनं सवयीनं मान हलवली अन् मग तोंडावर हात ठेवला.

पण बापूसाहेब लय पक्का. त्यानं डोळ्याले रुमाल लावला. हो, मला ठाऊक होतं म्हणाला, मी माझा जीव पणाला लावून लेकीला बसवलं, खरा बाप असाच असतो. घ्या आता! पुन्हा टाळ्या. माह्या अंगाची आग आग झाली. ज्याले कोणी विचारलंच नाई, त्या मेलेल्या माणसाले हा खोटा बाप ठरवून राहिला होता.

मी तोंड उघडायच्या आधी मैथिली उभी राहिली. पांढरीफटक.

"बाबा, तिला सांगितलंत. मला का नाही सांगितलं?"

"तू नोकरी सोडली असतीस."

"मग सोडते. उद्याच राजीनामा देते. तुमच्या जिवापेक्षा नोकरी मोठी आहे का?"

ती रडू लागली अन् दाराकडं निघाली. ती खरंच सोडणार, हे त्याले समजलं, मले बी समजलं. मंचाच्या काठापर्यंत धावला तो. कोटाले लावलेल्या माईकची शुद्ध त्याले कुठची.

"नको गं, वेडे. रवी-शनीनं कोणी मरत नसतं."

सगळ्या सभागृहानं ते ऐकलं. मैथिली दारात थांबली. तिनं डोळे पुसले अन् बापाकडं असं पायलं की तो एक पाऊल मागं सरकला. मग ती निघून गेली. रमाबाई तिच्या मागं.

मागच्या रांगेत एक म्हातारा उठला. पुंजाजी नाव, मले मागून समजलं. तो ओरडला नाई.

"महाराज, माहा पोरगा मिलिटरीत लागला होता. तुमीच युती सांगून घरी बसवला. आता लोकाईचे ढोरं राखते. त्याले जाऊन काय सांगू?"

त्याच्या बाजूले अजून एक उठला. मग एक बाई. माय माहा हात ओढून म्हणे, झालं ना तुह्या मनासारखं, चाल आता घरी.

मी म्हटलं, थांब माय, मले पाहू दे. अन् माह्या हातातला माईक मागं पुंजाजीकडं देला.