टोपणातला भाडेकरू

आपल्या सगळ्यांच्या घरात एक काचेचं कपाट असतं. त्यात काय आहे हे पाहुणे विचारत नाहीत, तरी आपण सांगितल्याशिवाय राहत नाही. हा दगड डोंगरावरचा, ही बाटलीतली वाळू अमुक नदीची, हे पीस कुणाचं ते ठाऊक नाही पण पडलेलं होतं. जिथे जाऊ तिथून काहीतरी उचलून आणायचं, आणि त्यावरची धूळ पुढे बायकोने आयुष्यभर पुसायची. याला आपण सवय म्हणत नाही, मंडळी. आठवण म्हणतो.

किल्लीदारांचं कपाट तर गुडघा लावून बंद करावं लागे. किल्लीदार हे त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत ते क्वार्टर वाटपाचं काम बघत. साडेतीनशे घरांच्या किल्ल्या त्यांच्या खुर्चीमागच्या फळीवर लटकत, आणि ते स्वतः बायको, सासूबाई आणि ते कपाट यांच्यासह भाड्याच्या दीड खोलीत राहत. क्वार्टरच्या यादीत त्यांचाही नंबर होता. आठ वर्षं सरकत सरकत तो पहिला आला होता, आणि त्यानंतर तीन वर्षं पहिलाच होता. यादी त्यांच्याच हातात, पण त्यांनी कधी एका ओळीची खाडाखोड केली नाही. लोक याला सचोटी म्हणत. बायको दुसरा शब्द वापरायची.

त्या वर्षी तिघं सुट्टीला समुद्राकाठच्या एका गावी निघाले. निघताना संचालकसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"समुद्रावर चाललात म्हणे? मला एक चांगला मोठा शंख आणा. बंगल्यात ठेवू."

हा बंगला साहेबांचा स्वतःचा. तो बांधून सहा वर्षं झाली होती. कचेरीचं सगळ्यात मोठं क्वार्टर मात्र अजून साहेबांच्याच नावावर होतं, कुलूप लावून. त्यात एक मोडकी आरामखुर्ची राहत होती. ही गोष्ट कचेरीत सगळ्यांना माहीत होती, आणि म्हणूनच ती कुणी बोलत नसे.

"आणतो साहेब," किल्लीदार म्हणाले. आणि साहेबांना शंख द्यायचा तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, म्हणून त्यांनी साठ जणांची यादीच केली. हुद्द्याप्रमाणे. संचालक, मोठा शंख, एक नग. उपसंचालक, त्याहून जरा लहान. तळाला शिपाई, शिंपला.

गाव सर्फिंगसाठी प्रसिद्ध होतं आणि प्राण्यांसाठीही. प्रत्येक भिंतीला लाटांवर उभं राहायच्या लांबलचक फळ्या टेकून ठेवलेल्या. झाडांवर माकडं, ती दोरीवरचे टॉवेल पळवून नंतर खांद्यावर टाकून फिरत. हॉटेलच्या काउंटरवर हातभर लांबीचा एक सरडा रजिस्टरवर पसरलेला असे. नाव लिहायचं तर त्याची शेपटी बाजूला करावी लागे. किल्लीदारांनी ती केली, सही केली, आणि शेपटी पुन्हा होती तिथे ठेवली.

पहिल्याच सकाळी बाल्कनीत दात घासताना त्यांच्या टूथपेस्टचं टोपण हरवलं. ते खाली आले.

"आमच्या खोलीतून एक टोपण गेलंय. निळं. वर माझ्या दाताची खूण आहे, मी दातानेच उघडतो."

"दुसरी पेस्ट देऊ का साहेब?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"प्रश्न पेस्टचा नाही. साफसफाईला कोण येतं आमच्याकडे?"

"अहो, पुरे," बायको मागून म्हणाली. "टोपण नेऊन ती बाई काय त्याचा महाल बांधणारे?"

तक्रार लेखी दिली गेली. सरडा तिच्यावर बसला.

तीन दिवसांत साठांपैकी एकोणसाठ नग जमले. किल्लीदार उजाडता उजाडता पिशवी घेऊन किनारा पालथा घालत. सासूबाई मात्र गेल्या सर्फिंग शिकायला. वय अडुसष्ट. दुसऱ्या दिवशी त्या फळीवर उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी जावयाकडे बघून एक हात हलवला. शिकवणारी बाई चाळिशीची, उन्हाने रापलेली. ती म्हणाली, "आजी, तोल कुठे शिकलात?" सासूबाई म्हणाल्या, "दीड खोलीत चार पावलं टाकायची तर तोल लागतोच."

चौथ्या सकाळी किल्लीदारांना साठावा नग सापडला. नारळाएवढा शंख, आतून गुलाबी, रिकामा. साहेबांचा! त्यांनी तो पिशवीत घातला, समाधानाने कंबर सरळ केली, आणि त्यांच्या पायाजवळून त्यांचं टोपण चालत गेलं.

त्यांनी डोळे चोळले. टोपण निळं होतं. दाताची खूण होती. खालून पाय फुटले होते.

"ताई," त्यांनी शिकवणाऱ्या बाईंना हाक मारली. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "माझं टोपण सापडलंय. पण त्यात कुणीतरी राहतंय."

बाई फळी वाळूत रोवून आल्या आणि उकिडव्या बसल्या. टोपणातून एक इवलासा खेकडा बाहेर डोकावत होता. टोपण त्याला एवढं अपुरं, की मागचं अर्धं अंग उघडंच. वर एक पांढरा पक्षी घिरट्या घालत होता, आणि तो काही देखावा बघायला आलेला नव्हता.

"याला स्वतःचं कवच नसतं, दादा," बाई म्हणाल्या. "मागचं अंग लोण्यासारखं मऊ. कुणीतरी सोडून गेलेल्या शंखात हा राहतो. वाढला की तो शंख आखूड पडतो, मग मोठा शोधायचा."

"आणि मिळाला नाही तर?"

"मग टोपण. परवा एक बल्बच्या होल्डरमध्ये दिसला होता."

"पण इथे तर एवढे शंख..." किल्लीदार म्हणाले, आणि आपल्या पिशवीकडे बघून थांबले.

बाईंनीही पिशवीकडे बघितलं. "कुणाकुणाला नेताय?"

किल्लीदारांनी यादी दाखवली. बाईंनी ती वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचली. "छान आहे. पद्धतशीर. यातल्या कुणाला राहायला घर नाही?"

"मला," किल्लीदारांच्या तोंडून निघून गेलं.

बाई हसल्या नाहीत. "तो मोठा शंख फक्त खाली ठेवा. दोन पावलं मागे या. आणि जरा धीर धरा."

"तो साहेबांचा आहे."

"साहेब त्यात मावतील?"

पक्षी आता खाली, अगदी जवळ उतरला होता. किल्लीदारांना आपला यादीतला पहिला नंबर आठवला. साहेबांचा चेहरा आठवला, आणि रिकाम्या हातांनी त्या चेहऱ्यासमोर कसं उभं राहायचं, तेही. मग त्यांनी पुन्हा टोपणाबाहेरचं ते उघडं अंग बघितलं. दीड खोलीत पाहुणे आले की ते स्वतः असेच दाराबाहेर झोपत.

त्यांनी शंख वाळूवर ठेवला. मग चप्पल काढून पक्ष्यावर उगारली.

थोड्या वेळाने एक दांडगा खेकडा आला. त्याने शंख आतून बाहेरून असा तपासला, की किल्लीदारांना ओलीची तक्रार करणारे सगळे अर्जदार आठवले. त्याच्यामागे दुसरा आला, जरा लहान. मग तिसरा, चौथा, पाचवा. आणि ते रांगेत उभे राहिले. उंचीप्रमाणे. रांगेच्या अगदी शेवटी टोपणवाला.

"रांगेत कुणी घुसत नाही?" किल्लीदारांनी कुजबुजत विचारलं.

"घुसतात की. ढकलाढकलीही होते. पण ओळखीची चिठ्ठी आणत नाहीत."

पहिला खेकडा सर्रकन आपल्या शंखातून निघाला आणि मोठ्यात शिरला. त्याच्या रिकाम्या शंखात दुसरा गेला. दुसऱ्याच्या शंखात तिसरा. बघता बघता सहाही बिऱ्हाडं हलली. शेवटी टोपणवाला एका ठिपक्यांच्या शंखात शिरला, दोनदा आत-बाहेर केलं आणि चालता झाला. वाळूवर उरलं फक्त निळं टोपण.

"एक घर मोकळं झालं," किल्लीदार हळूच म्हणाले, "आणि सहा जणांची सोय लागली."

"एवढंच असतं, दादा. आपल्याला शोभेची वस्तू वाटते, त्याचं ते छप्पर असतं."

ते धावत खोलीवर गेले आणि उरलेले एकोणसाठ नगही किनारभर पसरून आले. साफसफाईच्या बाईंची त्यांनी माफी मागितली, तोंडी आणि लेखी. तक्रारीचा कागद सरड्याखालून काढायला दोघांना ओढावं लागलं.

सुट्टी संपली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "काय, आणलात का शंख?"

किल्लीदारांनी खिशातून टोपण काढून टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"साहेब, हे एकाचं घर होतं. शंख आम्ही लोकांनी उचलून नेले म्हणून." आणि मग रांग, पक्षी, सहा बिऱ्हाडं, सगळं त्यांनी सांगितलं. सांगता सांगता जीभ थांबेना. "साहेब, आपल्याकडेही एक मोठा शंख रिकामा आहे. त्यात आरामखुर्ची राहते."

सहा वर्षांत हे वाक्य त्या कचेरीत कुणी उच्चारलं नव्हतं. साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. "या आता," एवढंच म्हणाले.

दोन दिवस काहीच झालं नाही. किल्लीदारांनी घरी सांगितलं, "बहुतेक आपलं नाव यादीच्या शेवटी जाणार." सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे. पडलात तरी उभे तर राहिलात. मी पाण्यात सतरा वेळा पडले."

तिसऱ्या दिवशी शिपायाने एक पाकीट आणून दिलं. आत मोठ्या क्वार्टरची किल्ली होती आणि साहेबांच्या अक्षरात एक ओळ: खुर्ची न्यायला माणूस पाठवतो.

पुढच्या रविवारी कचेरीच्या वसाहतीत पाच टेम्पो एकामागे एक उभे राहिले. उपसंचालक मोठ्या क्वार्टरमध्ये गेले, त्यांच्या जागी लेखापाल, त्यांच्या जागी मुख्य लिपिक, त्यांच्या जागी चार माणसांचा टंकलेखक, आणि टंकलेखकाच्या दोन खोल्यांत किल्लीदार. यादीत एका ओळीचीही खाडाखोड झाली नाही.

काचेचं कपाट त्यांनी नव्या घरात आणलं, पण रिकामं करून. दगड, वाळू, पीस, सगळं जिथून आलं त्याच्या जवळपास पोचवलं. आता सासूबाई त्यात आपल्या साड्या ठेवतात.

तेव्हा मंडळी, पुढच्या सुट्टीत काहीही उचलण्याआधी ते एकदा उलटं करून आत बघा, आणि कुणी नसलं तरी खाली ठेवा. कुणीतरी रांगेत उभं असतं. आणि घरी परतलात की आपल्याच किल्ल्यांच्या जुडग्यावरून एकदा हात फिरवा. न लागणारी एखादी किल्ली निघतेच.

टोपण मात्र साहेबांनी परत दिलं नाही. ते त्यांच्या टेबलावर आहे. पाहुण्यांनी विचारलं नाही, तरी ते सांगतात.