तिच्या रंगाचा डबा

मी नाटक कंपनीत रंगभूषा करतो. तेहतीस वर्षं झाली. बायको मंगळवारी सकाळी गेली. आजारात तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, गालांवर डाग आले होते. दुपारी माणसं शेवटचं बघायला येणार होती. त्यांना ती ओळखू यावी, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी माझी पेटी घेऊन पलंगाशी बसलो.

धाकटी बहीण मागे उभी होती. "दादा, वहिनीला जरा उजळ कर रे. रंगाने काळी, पण मनाने पांढरीशुभ्र होती बिचारी. शेवटचं तरी गोरी दिसू दे."

"आत्या, तू चहाचं बघ," माझी मुलगी म्हणाली. "आईला आता स्थळ नाही बघायचं."

पेटीत अकरा डबे. प्रत्येकावर चिठ्ठी. नायिका, राजा, साधू, म्हातारा. मी साधूचा रंग लावून पाहिला, मग म्हाताऱ्याचा. तिच्या गालावर दोन्ही चुन्यासारखे दिसले. पुसून टाकले.

"बाबा, हा घ्या." मुलीने खालच्या कप्प्यातला डबा काढला आणि स्वतःच्या मनगटावर रंगाचं बोट ओढलं. रंग दिसेनासा झाला. मुलगी आईवर गेली आहे.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दुष्ट'.

हा रंग मीच घोटला होता, लग्नानंतर वर्षभरात. आमचे दिग्दर्शक म्हणायचे, माणूस काळ्या मनाचा आहे हे शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे. मला पटायचं. खुनी, चेटकीण, घरभेदी, सगळी याच डब्यातून रंगवली. ती नुसती समोर आली की लोक शिव्या घालायचे आणि मी विंगेत खूश व्हायचो. मग घरी येऊन हिच्या हातचं जेवायचो. कधी डोक्यातच आलं नाही.

"अक्षर आईचं आहे," मुलगी म्हणाली.

होतंच. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून मी नावं सांगितली आणि तिने चिठ्ठ्या लिहिल्या. एका शब्दाने बोलली नाही.

"तिच्या लक्षात आलं नसेल," मी म्हणालो.

"बाबा, मी पहिलीत होते. पेटी उघडून विचारलं, आई, माझा डबा कोणता? तिने हाच काढला. मला नुकतं वाचता यायला लागलं होतं. तिने चिठ्ठीवर अंगठा धरून ठेवला."

मी पेटी मिटायला गेलो. मुलीने माझं मनगट धरलं आणि डबा पुढे केला.

त्याच रंगात मी बोटं बुडवली. कपाळ, गाल, हनुवटी. डाग झाकले गेले. हळूहळू ती दिसू लागली.

बहीण चहा घेऊन आली आणि थबकली. "अगंबाई! काळीच ठेवलीस की रे."

"अशीच होती ती," मी म्हणालो. "दार उघड."

पहिली शेजारीण आली. तिने चेहरा पाहिला आणि झोपलेल्या माणसाला उठवावं तशी हिला हाक मारली.