झाकून ठेवलेले यंत्र

मित्रांनो, माझ्यापासून काहीही लपून राहत नाही. मलाच तेवढे आल्या दिवसापासून कापडाखाली लपवून ठेवले होते.

मी डोळ्यांच्या दवाखान्यातले एक जुने यंत्र आहे. जुने म्हणजे वापरून झालेले नव्हे, नुसते ठेवून झालेले. पापणीच्या आतल्या तेलाच्या ग्रंथींचा फोटो काढणे हे माझे काम. मी आले तेव्हा डॉक्टरांनी माझ्याशेजारी उभे राहून स्वतःचा फोटो काढून घेतला आणि धूळ बसू नये म्हणून मला झाकले. पुढे कौतुक पुष्कळ झाले. हात कोणी लावला नाही.

एकदा एक सून सासूबाईंना घेऊन आली. आजींच्या डोळ्यांतून सारखे पाणी.

"डॉक्टर, हे पाणी कशाचं ते एकदा सांगून टाका. शेजारीपाजारी म्हणतात, मीच यांना रडवते."

डॉक्टरांनी डोळ्यातले पाणी मोजायची नेहमीची कागदाची पट्टी पापणीत अडकवली. पट्टी बघता बघता भिजली.

"डोळे काही कोरडे नाहीत. पाणी भरपूर आहे. घरात काही ताण?"

आजी हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त रुमाल डोळ्यांना लावला.

सुनेने माझ्याकडे बोट दाखवले. "त्या मशीनवर बघा की!"

"महागाचं आहे ते. लागेल तेव्हा काढू."

पुढे आजी एकट्याच येऊ लागल्या. मुलगा-सून वेगळे राहायला गेले होते. मग एकदा कंपनीचा माणूस मला तपासायला आला. त्याला कोणाची तरी पापणी हवी होती, आणि बाहेर बाकावर आजी होत्या.

फोटोत ग्रंथी जवळजवळ उरल्याच नव्हत्या.

"पाण्यावर तेलाचा थरच नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "म्हणून पाणी उडून जातं, डोळा कोरडा पडतो, आणि कोरडा पडला की आणखी पाणी काढतो. तुम्ही रडत नव्हता."

"ते मला ठाऊक होतं."

"अहो, मग तेव्हाच बोलायचं ना!"

"लोक विचारपूस करायचे. बरं वाटायचं."

आजींनी पुन्हा रुमाल डोळ्यांना लावला. या वेळचे पाणी कोणते, हे सांगणारे यंत्र अजून निघायचे आहे.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, पण इतकी घेऊ नका. झाकून ठेवलेले यंत्र कोणाच्या उपयोगी पडत नाही, आणि झाकून ठेवलेले खरेही.

"यावर उपाय काय?" आजींनी विचारले.

"पापण्यांना गरम फडक्याचा शेक. रोज."

"मग सुनेला बोलावते," आजी घाईघाईने म्हणाल्या. "शेक द्यायला घरात कोणीतरी हवंच ना?"

"छे हो," मला झाकता झाकता डॉक्टर म्हणाले, "तो आपला आपल्याला घेता येतो."