निजलेल्या संताचं डोकं

समुद्रावर जाऊन चार दिवस कोळंबी खायची आणि पाण्यात पाय सोडून बसायचं, एवढाच माझ्या सुट्टीचा बेत होता. त्यासाठी मी टूसॉनच्या शाळेची बस पाच महिने एकही रजा न घेता चालवली होती. पण सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या सोनोरात शिरलो आणि पहिल्याच पेट्रोल पंपावर माझ्या वडिलांनी, अपांनी, मांडीवरच्या पिशवीतून तपकिरी कापडाचा झगा बाहेर काढला. चार वर्षांच्या मुलीच्या मापाचा. कमरेला पांढरी दोरी.

"दुवी, आधी बाकोवीला जायचं. मिशनच्या चर्चमध्ये," अपा म्हणाले. "मग तुझा समुद्र."

झगा माझाच होता. मी चार वर्षांची असताना मला ताप चढला, सहा दिवस उतरेना, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा अपांनी बाकोवीच्या संत फ्रान्सिस्कोला नवस बोलला. पोरगी वाचली तर तिला वर्षभर तुझा तपकिरी झगा घालीन, आणि मग तिला घेऊन चालत येऊन तो तुझ्या पायाशी ठेवीन. मी वाचले. वर्षभर झगा घातलाही. पण चालत जायच्या महिन्यातच अपांना सीमेपलीकडे तांब्याच्या खाणीत काम लागलं, आणि कागदपत्रांच्या भानगडीत वीस वर्षं परतता आलं नाही. पुढं येता येत होतं, पण तोवर त्यांना संताला तोंड दाखवायची भीती वाटायला लागली होती. अठ्ठेचाळीस वर्षं झगा आईच्या पेटीत पडून राहिला.

सोनोरात कुणालाही विचारा, हा संत नवस विसरत नाही. नवस फेडला नाही, तर ज्याच्यासाठी तो बोलला त्यालाच घेऊन जातो म्हणतात. माझा नवरा सोडून गेला तेव्हा अपा गप्प झाले. दोन मुलं पोटात राहिली नाहीत तेव्हाही गप्प. मी चेष्टा करायचे, की त्या संताला दुसरे उद्योग नाहीत का. मग गेल्या महिन्यात ओल्या रस्त्यावर माझी बस उलटली. नशीब, मुलं उतरून गेली होती. मी खिडकीतून बाहेर आले, भुवईला दोन टाके पडले. त्या दिवसापासून अपांचं जेवण तुटलं.

"अपा, ब्रेक लागले नाहीत. त्यात संताचा काय संबंध?" मी म्हटलं.

"तू हस. जीव तुझा आहे, म्हणून मला हसू येत नाही."

बाकोवीला संताची लाकडी मूर्ती उताणी निजलेली आहे, छातीपर्यंत पांघरूण. नवस फेडणाऱ्यानं गुडघे टेकायचे, मानेखाली हात घालायचा आणि संताचं डोकं उचलायचं. नवस मान्य झाला असेल तर डोकं अलगद वर येतं. नसेल तर गडी कितीही दांडगा असो, ते जागचं हलत नाही. मला संताची भीती नव्हती, अपांच्या हाताची होती. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि उजवा हात गेला तो गेलाच. कॉफीचा कपसुद्धा त्या हाताला पेलत नाही. डोकं उठलं नाही तर अपा घरी जाऊन रोज माझ्या मरणाची वाट बघत बसणार होते. एक्याऐंशीव्या वर्षी तसं बसलेला माणूस फार दिवस काढत नाही.

"डाव्या हातानं उचला," मी गाडीत म्हटलं.

"नवस बोलताना उजवा हात वर केला होता."

"तो हात आजारी आहे, हे त्याला दिसत नाही का?"

"त्याला हात दिसत नाही, मन दिसतं. गप गाडी चालव."

दुपारी पोचलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पाऊल टाकताच अंगावर काटा आला, इतकं गार. संताजवळ पाच-सहा माणसांची रांग होती आणि मेणबत्त्यांच्या टेबलाशी कासिमिरा नावाची म्हातारी बसली होती. किल्ल्या तिच्याकडे, हुकूमही तिचाच.

"एकानं उचलायचं," तिनं आम्हाला बजावलं. "दुसऱ्यानं हात लावायचा नाही. फोटो काढायचा नाही. आणि बाई, तो च्युइंगगम तोंडातून काढ."

रांगेतल्या एका म्हातारीनं डोकं एका हातानं सहज उचललं. तिच्यानंतर, आमच्या पुढं, हेर्मोसियो शहरातला एक माणूस होता, दंड माझ्या मांडीएवढे. बायको हसत होती, "बघू या, घरी सिलिंडर उचलतोस ना." त्यानं वाकून हात घातला. मानेची शीर फुगली. डोकं हललं नाही. त्यानं पाय फाकवून पुन्हा जोर लावला, आणि हललं नाही. बायकोचं हसणं थांबलं. तो माणूस उठला, कुणाकडेही न बघता मागच्या बाकावर जाऊन बसला आणि त्यानं तोंड हातांत धरलं. त्याचा काय नवस होता, कुणी विचारलं नाही.

जुनं लाकूड आहे, ओलीनं फुगून अडकत असेल, असं मी स्वतःला सांगत होते. पण मग आधीच्या म्हातारीनं एका हातानं कसं उचललं, ते मला सांगता येत नव्हतं.

"अपा, परत जाऊ," मी हळूच म्हटलं. "सकाळी येऊ. तुम्ही दमलात."

"अठ्ठेचाळीस वर्षं दमलोय," ते म्हणाले आणि गुडघ्यांवर बसले.

त्यांनी झगा संताच्या पायाशी ठेवला, दोरी नीट सरळ केली. ओठ हलले. मग उजवा हात डाव्या हातानं धरून संताच्या मानेखाली सरकवला आणि डावा काढून घेतला. मी समोरच्या बाजूला गुडघे टेकले होते. अपांचा खांदा थरथरायला लागला. संताचं डोकं उशीवर तसंच होतं. अपांनी डोळे मिटले. त्यांच्या गळ्यातून बारीक आवाज निघाला, तो ऐकून मला राहवलं नाही. पांघरुणाला भक्तांनी टोचलेले नवसाचे पत्र्याचे छोटे हातपाय होते, त्यांच्याखालून मी माझा हात आत घातला. मानेखाली अपांची बोटं लागली. मी जीव खाऊन वर रेटलं.

डोकं उठलं. चार बोटं वर आलं, आणि हळूच खाली टेकलं.

अपा रडले. कासिमिरा तेवढ्यात विझलेली मेणबत्ती लावत होती, तिनं काही पाहिलं नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. पण माझ्याच जिवाच्या नवसात मी लबाडी केली होती, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं.

"आता तू," अपा म्हणाले.

"मी कशाला? नवस तुमचा."

"वाचलीस तू. उचल."

मागची रांग खोळंबली होती. मी हात घातला, तोच हात, त्याच जागी. उचलायला गेले. काही झालं नाही. पुन्हा जोर लावला. रोज बसचं अवजड दार ओढणारा हात आहे माझा, आणि ते लाकूड जमिनीतून उगवल्यासारखं बसलं होतं. अपा माझ्या मागं उभे होते. मी पुढं वाकले, पाठीनं सगळं झाकलं, संताच्या कपाळावर ओठ टेकले आणि सरळ झाले.

"उचललं," मी म्हटलं.

बाहेर चौकात एक बाई तव्यावर मांस भाजत होती. अपांनी दोन रोट्या मांस भरून घेतल्या आणि उभ्यानंच खायला लागले. महिनाभरात मी त्यांना असं खाताना पाहिलं नव्हतं. दुसरी रोटी अर्धी झाल्यावर त्यांनी हात पुसले.

"तुझी बोटं मला कळली, पोरी."

मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागले.

"वाटलं, संपलं. दोघांनी मिळून त्याला फसवलं, आता हा सोडत नाही. वरचा श्वास वर राहिला माझा." त्यांनी माझ्या भुवईवरचा टाक्यांचा वण अंगठ्यानं चाचपला. "मग तू एकटीनं उचललंस. तेव्हा कळलं, त्यानं सोडलं तुला. मी उचललं असतं तरी इतकी खात्री झाली नसती. हलकं होतं ना?"

"हलकं होतं, अपा."

"झालं तर मग. चल, तुझा समुद्र दाखव."

गाडीत बसल्या बसल्या ते झोपले. तोंड उघडं, चेहरा शांत. मी माझा सीटचा पट्टा लावला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. समुद्र अजून तीन तासांवर होता, आणि मला गाडी सुरू करायची भीती वाटत होती.