चाचणीची ओळ

माझ्या सासूबाई ज्या पट्ट्यात जन्मल्या, त्याच्यावर दोन देश हक्क सांगतात. पट्ट्याचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहून बसले, त्याचीच ही गोष्ट आहे.

मी ज्या कंपनीत काम करते, तिच्या साइटवर लोक जुने शाळासोबती शोधतात. आधी देश निवडायचा, मग गाव, मग शाळा, की त्या शाळेतली माणसं समोर येतात. देशांची यादी माझ्याकडे असते. ऐकायला सोपं वाटतं, पण कुणाचं नाव कसं लिहायचं आणि कुणाला कुणाच्या पोटात घालायचं यावरून मोठमोठ्या कचेऱ्यांतून पत्रं येतात आणि माझ्या टेबलावर येऊन पडतात. या पट्ट्याबाबत कंपनीने सोयीचा मार्ग काढला होता. पहिल्या देशातून साइट उघडली की पट्टा पहिल्याचा, दुसऱ्यातून उघडली की दुसऱ्याचा, आणि आमच्यासारख्या तिसऱ्याच ठिकाणाहून उघडली की पट्टा गायब. यात सगळे खूश आहेत असं आम्ही धरून चाललो होतो.

सासूबाईंना त्यांची बाकावरची मैत्रीण शोधायची होती. तिला वर्गात सगळे बुटकी म्हणत आणि यांना ढापणी, कारण तिसरीपासून चष्मा. दोघी आठवीत असताना तिकडे गडबड झाली. एका दुपारी शाळा सुटली ती सुटलीच, आणि दोन घरं दोन दिशांना गेली. त्याला पन्नास वर्षं झाली. सासरे गेल्यापासून बुटकीचा विषय रोज निघायला लागला. भाजी चिरता चिरता त्या मला विचारायच्या, ती असेल ना गं कुठेतरी? आमच्या ऑफिसात साऱ्या जगाची हजेरी घेतात अशी त्यांची समजूत होती.

एका सकाळी मी त्यांना लॅपटॉप उघडून दिला. त्यांनी यादी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बोट लावून वाचली. मी घाईत होते. म्हटलं, दोन देशांपैकी एक निवडा आणि मोकळ्या व्हा.

"एकाने आमचं घर घेतलं, दुसऱ्याने शाळा," त्या म्हणाल्या. "कुणाचं नाव लावू?"

मग 'इतर' निवडा, असं मी सुचवलं. त्यांनी लॅपटॉप शांतपणे मिटला.

"म्हणजे तुझ्या यादीत मी जन्मलेच नाही, म्हण की."

मला राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जरा जास्तच आला.

तो राग घेऊनच मी ऑफिसात पोचले. आमच्याकडे एक पद्धत आहे. यादीत काहीही बदल केला की तो बाहेर जाण्याआधी एक खोटी ओळ घालून बघायची, सगळं नीट चालतंय ना म्हणून. कुणी बटाटानगर घालतं, कुणी झोपाळू बेट. ज्याने ओळ घातली त्यानेच ती काढायची, हा नियम. त्या दिवशी माझ्या बोटांनी बटाटानगर लिहायचं सोडून सासूबाईंचा पट्टा लिहिला, वर त्यांच्या गावाचं आणि शाळेचं नावही घातलं. तेवढ्यात एका सहकाऱ्याच्या निरोपाचा केक कापायला सगळ्यांना बोलावलं. मी केक खाल्ला, भाषणं ऐकली, टाळ्या वाजवल्या आणि ओळ काढायची साफ विसरले. अकरा वाजता यादी जगभर गेली.

तीन वाजता आमच्या वकीलबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. या बाई कधी हसत नाहीत, आणि तेव्हा तर हसण्यासारखं काही नव्हतंच. दोन्ही देशांतून पत्रं आली होती. पाच वाजेपर्यंत ओळ काढ, एवढंच त्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात मात्र भलताच विचार आला. मी घरी फोन लावला आणि सासूबाईंना म्हटलं, हातातलं काम टाका आणि यादी उघडा, आत्ताच. चष्मा शोधण्यात त्यांनी दहा मिनिटं घालवली. तो डोक्यावरच होता. मग त्या यादीतलं एकेक नाव मोठ्याने वाचत गेल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "आमचं नाव आहे."

तिथे त्यांच्याआधीच त्रेसष्ट माणसं येऊन बसली होती. चार तासांत, कुणी न बोलावता. सासूबाई चौसष्टाव्या. त्यांनी सगळी नावं वाचून काढली. बुटकी त्यात नव्हती.

मी वकीलबाईंकडे गेले आणि खरं होतं ते सांगितलं. ओळीखाली माणसं असली की ती आधी हलवावी लागतात, नाहीतर ओळ निघत नाही. यांना पहिल्या देशात हलवलं तर दुसरा चिडेल, दुसऱ्यात हलवलं तर पहिला. ही सगळी माझी चूक आहे आणि माझ्या सासूबाई त्यातल्याच एक आहेत, हेही सांगून टाकलं. नोकरी जायची तर जाऊ दे, असं मनाशी म्हटलं.

वकीलबाईंनी ते पान उघडलं. तिथे एव्हाना गप्पांना ऊत आला होता. गणिताच्या मास्तरांची नक्कल कोण करायचं, घंटा कुणी चोरली, यावरून साठीची माणसं एकमेकांवर तुटून पडली होती. बाई खाली खाली वाचत गेल्या. घंटेच्या चोरीपाशी त्यांच्या ओठांची एक बाजू वर गेली. मी ते या डोळ्यांनी पाहिलं आहे.

"यादीच्या डोक्यावर 'देश' लिहिलंय ना, ते काढ," त्या म्हणाल्या. "'देश किंवा प्रदेश' लिही. प्रदेश तर तो आहेच, मग तो कुणाचाही असो. पत्रांना उत्तर मी देते."

ओळ राहिली. मला तंबी मिळाली, तीही लेखी, आणि मी ती आनंदाने घेतली.

अकराव्या दिवशी बुटकी आली. ती चार वर्षं आमच्याच साइटवर होती. ती राहते हक्क सांगणाऱ्या दोघांपैकी दुसऱ्या देशात, म्हणून पट्टा तिला त्या देशाच्या पोटात दिसायचा. तिने तिथेच नाव नोंदवलं होतं आणि ती रोज संध्याकाळी तिथेच ढापणीला शोधत होती; पट्ट्याची वेगळी ओळ तिच्या नजरेला पडली ती आत्ता. मी सांभाळलेल्या यादीनेच दोघींना चार वर्षं वेगळं ठेवलं होतं. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला त्या दोघींनी वेळच दिला नाही. सासूबाईंच्या खोलीतून मोठमोठ्याने भांडण ऐकू यायला लागलं. मी धावत दाराशी गेले. दोघी पडद्यावर समोरासमोर, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय आणि वाद चालू आहे की बाकाची खिडकीकडची जागा नक्की कुणाची होती.

पाऊण तासाने सासूबाई बाहेर आल्या. चेहरा असा उजळलेला मी आजवर पाहिला नव्हता. काय ठरलं, मी विचारलं.

"कसलं ठरतंय. ती म्हणते तिची, मी म्हणते माझी," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी परत भांडणार आहोत."